साथीच्या काळात शाळा कोणी बंद ठेवल्या, कोणी उघडल्या? महाराष्ट्रातील वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून होते. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत जीआर (शासन निर्णय), परिपत्रके, स्थगित्या यांचा इतका गुंता झाला होता की समितीतल्या बायका बैठकीत एकच विचारायच्या, "पण शाळा नक्की कुणाच्या हातात आहे?" तेव्हापासून मी कागद जमवत गेले. अजूनही पालक, शिक्षक आणि कायदा शिकणारी मुले तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवत आहे. मी वकील नाही. एखादे प्रकरण लढायचे असेल तर वकिलालाच भेटा.

शाळा बंद करण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्याने मिळाला?

दोन कायद्यांनी. पहिला इंग्रजांच्या काळातला, साथरोग अधिनियम, १८९७. प्लेगच्या साथीत मुंबई-पुण्यात जी जबरदस्ती झाली ती याच कायद्याच्या आधाराने, त्यामुळे मराठी माणसाला त्याची ओळख जुनी आहे. १४ मार्च २०२० रोजी राज्याने या कायद्याखाली कोविडचे नियम काढले. दुसरा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. देशव्यापी टाळेबंदी या दुसऱ्या कायद्याखाली लागली आणि राज्यात मुख्य सचिवांच्या सहीने निघणारे आदेशही त्याच्याच आधारे होते. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि शहरात महापालिका आयुक्त यांच्याकडे अंमलबजावणी होती.

हे दोन्ही कायदे मी मुद्दाम वाचले. बंद करण्याची ताकद त्यांत भरपूर आहे. पण बंद केलेली गोष्ट किती दिवसांनी तपासायची, कोणत्या निकषावर उघडायची आणि न उघडल्यास कारणे कोणाला द्यायची, यावर ते शाळांबद्दल काहीच सांगत नाहीत. पुढचे बहुतेक वाद या मोकळ्या जागेत झाले.

मग निर्णय केंद्राचा होता, राज्याचा की महापालिकेचा?

तिघांचाही, आणि म्हणूनच कोणाचाच नव्हता असे त्या काळात वाटायचे.

सुरुवातीला केंद्राच्या आदेशाने सगळे बंद. २१ सप्टेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या मुलांना प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या शाळेत शिक्षकांकडे शंका विचारायला जाण्याची मुभा मिळाली. ३० सप्टेंबरच्या आदेशात केंद्राने सांगितले की १५ ऑक्टोबरनंतर शाळा टप्प्याटप्प्याने कधी उघडायच्या ते राज्यांनी ठरवावे, मात्र हजेरीची सक्ती नको आणि पालकांची लेखी संमती हवी. चेंडू मुंबईत आला. राज्याने २३ नोव्हेंबर २०२० ही तारीख नववी ते बारावीसाठी जाहीर केली आणि ऐनवेळी स्थानिक प्रशासनाला वेगळा निर्णय घेण्याची मोकळीक दिली. मुंबई महापालिकेने लगेच ३१ डिसेंबरपर्यंत शाळा बंद ठेवल्या. इतर मोठ्या शहरांनीही तारखा पुढे ढकलल्या.

घटनेच्या दृष्टीने पाहिले तर शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात, आणि सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत. त्यामुळे राज्याने निर्णय घेणे योग्यच होते. तो पुढे पालिकांवर सोपवण्यातही तत्त्वतः चूक नव्हती, कारण मुंबईतल्या धारावीची परिस्थिती आणि नंदुरबारमधल्या डोंगराळ धडगावची परिस्थिती एक नसते. अडचण वेगळीच होती. खाली सोपवलेल्या अधिकाराबरोबर निकष सोपवले गेले नाहीत. रुग्णसंख्या किती झाली की उघडायचे, हा आकडा पालकांच्या हातात कधी आला नाही.

महाराष्ट्रात नेमके कधी काय उघडले?

थोडक्यात सांगते. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी, तेही जिथे स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली तिथेच. फेब्रुवारीपासून दुसरी लाट चढू लागली आणि पुन्हा कुलूप लागले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावी. १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरात पहिली ते सातवी, पण ओमायक्रॉनच्या धास्तीने मुंबईत हा दिवस १५ डिसेंबरला उजाडला. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू, तेही स्थानिक निर्णयावर. पुण्यात त्यासाठी १ फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले.

या तारखांत एक मूल उभे करून बघा. मार्च २०२० मध्ये मोठ्या शिशूत असलेली मुंबईतली मुलगी. तिने पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. १५ डिसेंबर २०२१ ला ती थेट दुसरीच्या वर्गात जाऊन बसली आणि जेमतेम तीन आठवड्यांत, ४ जानेवारीला, तिला परत घरी बसवले गेले.

बार आणि मंदिरे आधी उघडली, शाळा नंतर, हे खरे आहे का?

खरे आहे, पण ते पूर्ण सांगितले पाहिजे. उपाहारगृहे आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले. मंदिरे आणि इतर प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. मोठ्या वर्गांच्या शाळा त्यानंतर आठवड्याने. दुसऱ्या वर्षी ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मंदिरे. म्हणजे दुसऱ्या खेपेला मोठ्या मुलांच्या शाळा तीन दिवसांनी का होईना, पुढे होत्या.

राजकारण या क्रमावरून भरपूर झाले. मंदिरांसाठी विरोधी पक्षाने घंटानाद केला, आंदोलने केली. उपाहारगृहवाल्यांच्या संघटना मंत्र्यांना भेटत होत्या, कारण त्यांचे पोट त्यावर होते आणि त्यात काही वावगे नव्हते. पण पहिली-दुसरीच्या मुलांची संघटना नसते. त्यांच्या आयांची असायला हवी होती, आणि ती आम्ही उभी केली नाही, हे मला अजून टोचते.

कोरोनामुक्त गावांत शाळा सुरू करण्याचा प्रयोग काय होता?

जुलै २०२१ चा शासन निर्णय असा होता की ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे ग्रामपंचायतीने ठराव करावा, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, पालकांशी बोलावे आणि आठवी ते बारावीचे वर्ग भरवावेत. हिवरे बाजारसारख्या गावांचे नाव त्या काळात कोरोनामुक्तीसाठी सगळ्यांच्या तोंडी होते. मला विचाराल तर या दोन वर्षांतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. कारण यात पहिल्यांदा निकष लिहिलेला होता, मुदत लिहिलेली होती आणि ठरवणारे लोक त्याच गावात राहणारे होते.

फक्त एक गोष्ट हातातून निसटली. गावागावांतल्या जिल्हा परिषद शाळा बहुतांशी चौथीपर्यंतच्या किंवा सातवीपर्यंतच्या. आठवी ते बारावीचे वर्ग मोठ्या गावच्या हायस्कुलात. आमच्या गावात सलग कित्येक आठवडे रुग्ण नव्हता, ठराव करायला ग्रामपंचायत तयार होती, पण ठराव ज्या वर्गांसाठी करायचा ते वर्ग गावात नव्हते. जी मुले पारावर, देवळात, कुणाच्या लग्नात दिवसभर एकत्र खेळत होती, त्यांनी त्याच घोळक्याने शाळेच्या पायरीवर बसून पाढे म्हणायला मात्र परवानगी नव्हती. मी वरच्या एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले, तर तो आवक रजिस्टरला न घेताच परत दिला गेला. "वरून आदेश नाहीत," एवढेच उत्तर.

ऑगस्ट २०२१ मध्ये जीआर निघाला आणि लगेच थांबला, तो का?

१० ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयात १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते आठवी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले होते. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत कोविड कृती दलाशी बैठक झाली. डॉक्टरांनी इतक्यात शाळा उघडायला हरकत घेतली आणि निर्णय थांबला. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या विभागाने काढलेला आदेश त्यांच्याच सरकारने थोपवला.

लोक विचारतात, कृती दलाचा सल्ला बंधनकारक होता का? नव्हता. डॉ. संजय ओक यांच्या नेतृत्वाखालचे राज्य कृती दल आणि डॉ. सुहास प्रभू यांच्या नेतृत्वाखालचे बालरोगतज्ज्ञांचे दल ही सल्लागार मंडळे होती. तिसऱ्या लाटेत मुलांना जास्त धोका असेल अशी भीती तेव्हा घराघरांत होती, आणि एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूसाठी धावलेल्या डॉक्टरांनी सावधपणा दाखवला यात त्यांचा दोष मी धरत नाही. डॉक्टरने आजाराकडे बघायचे असते. पण त्याच टेबलावर शिक्षणाच्या नुकसानीचा हिशेब मांडणारे, तेवढ्याच वजनाचे दुसरे दल हवे होते. ते नेमले गेले नाही.

पालकांच्या संमतीपत्राला कायद्यात किती किंमत होती?

केंद्राच्या सूचनेत संमतीपत्राचा अर्थ साधा होता. मुलाला पाठवायचे की नाही हे पालकांनी ठरवावे, न पाठवल्यास मुलाचे नुकसान होऊ नये. प्रत्यक्षात काही शाळांनी त्याचे हमीपत्र केले: "माझ्या पाल्याला संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही." असा कागद लिहून घेतला म्हणून शाळेची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. निष्काळजीपणाला आधीच माफी लिहून देता येत नाही. ज्यांनी घाबरून सह्या केल्या त्यांना मी हेच सांगत आले.

आणि खरा प्रश्न सह्यांच्या पुढचा होता. संमती दिली नाही तर ऑनलाइन वर्ग, हे उत्तर शहरातल्या फ्लॅटमध्ये लागू पडत होते. एका घरात एक मोबाइल, तो बापासोबत कामावर, आणि रेंजसाठी डोंगराच्या सोंडेवर जायचे, तिथे ऑनलाइन हा पर्यायच नव्हता. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" ही अभ्यासमाला शिक्षण खात्याने मनापासून चालवली, सह्याद्री वाहिनीवर पाठ दाखवले, पण आमच्या वस्तीवरच्या अनेक मुलांपर्यंत ते पोचले नाही.

शिक्षकांनी शाळा उघडायला विरोध केला का?

सरसकट नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळी संपता संपता सगळ्या शिक्षकांना २३ तारखेच्या आत आरटीपीसीआर चाचणी करून घ्यायला सांगितले गेले. केंद्रांवर रांगा लागल्या, अहवाल उशिरा आले, अनेक शिक्षक बाधित निघाले. त्यांच्या संघटनांनी चाचणीची सोय, विमा, सॅनिटायझरचा खर्च कोण देणार, असे विचारले. हे रास्त प्रश्न होते. शाळेला सादिल (किरकोळ खर्चाचे) अनुदान तुटपुंजे, आणि थर्मल गन मात्र शाळेनेच आणायची.

शिवाय शिक्षक घरी बसून होते ही समजूत चुकीची आहे. नाक्यांवर तपासणी, रेशन दुकानावर नोंदी, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत घरोघर सर्वेक्षण, ही कामे त्यांनी केली. त्यात काहींचे जीव गेले. लशीसाठी शिक्षकांना प्राधान्य द्यायला मात्र केंद्राला ऑगस्ट २०२१ उजाडला. ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाआधी सर्व शिक्षकांना लस द्यायचे तेव्हा ठरले. हे सहा महिने आधी झाले असते तर बराच वाद मिटला असता.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा न्यायालयात काय घडले?

२० एप्रिल २०२१ ला राज्याने दहावीची परीक्षा रद्द केली. पुण्यातील एका याचिकाकर्त्याने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. म्हणणे असे, की परीक्षा नाही तर मूल्यमापन कशावर, आणि बारावीची परीक्षा तेव्हा नुसती पुढे ढकलली असताना दहावीचीच रद्द का? न्यायमूर्ती शाहरुख काथावाला आणि न्यायमूर्ती सुरेंद्र तावडे यांच्या खंडपीठाने २० मे रोजी सरकारला फैलावर घेतले. तुम्ही शिक्षणव्यवस्थेची थट्टा चालवली आहे, अशा अर्थाचे न्यायालयाचे शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले.

त्यानंतर २८ मे रोजी सूत्र आले: नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाला २०. निकाल १६ जुलैला लागला, ९९.९५ टक्के. बारावीची परीक्षाही ३ जूनला रद्द झाली आणि तिचा निकाल ९९.६३ टक्के.

ज्यांच्याकडे त्या वर्षाचे गुणपत्रक आहे ती मुले विचारतात, ते कमी दर्जाचे आहे का? कायद्याने मुळीच नाही. ते राज्य मंडळाचे रीतसर गुणपत्रक आहे. नोकरीच्या मुलाखतीत कोणी "कोरोना बॅच" म्हणून टोमणा मारला तर तो त्याच्या तोंडावर चूक आहे असे सांगा.

अकरावीची सीईटी न्यायालयाने का रद्द केली?

कारण सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले होते. संसर्गाच्या भीतीने दहावीची परीक्षा नको, पण अकरावीच्या प्रवेशासाठी त्याच मुलांनी २१ ऑगस्ट २०२१ ला केंद्रावर येऊन सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यायची. ती ऐच्छिक म्हटली होती, पण न देणाऱ्याचा क्रमांक देणाऱ्यांच्या मागे. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, म्हणजे सीबीएसई-आयसीएसईची मुले अडचणीत. आयसीएसईच्याच एका विद्यार्थिनीने याचिका केली.

१० ऑगस्ट २०२१ ला न्यायमूर्ती रमेश धानुका आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने या सीईटीचा २८ मे चा शासन निर्णय रद्दबातल ठरवला. अशी परीक्षा घेण्याचा अधिकार सरकारला कायद्यातून मिळत नाही, आणि लस न मिळालेल्या मुलांना केंद्रावर बोलावणे धोक्याचे आहे, अशी कारणे होती. दहावीच्या गुणांवर सहा आठवड्यांत प्रवेश पूर्ण करा, असा आदेश झाला. सगळ्या प्रकरणांत मला हा निकाल सर्वांत स्वच्छ वाटतो. जीआर म्हणजे कायदा नव्हे, हे त्याने नीट दाखवले.

अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद शाळांशी कसा जोडलेला आहे?

शाळेचा नसला तरी अधिकाराची रेघ तिथेच आखली गेली, म्हणून तो समजून घ्यावा. मे २०२० अखेर राज्याने विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता आधीच्या गुणांवर पदवी द्यायचे जाहीर केले. कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी आक्षेप घेतला. उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत एका बाजूला, राजभवन दुसऱ्या बाजूला, अशी पत्रापत्री गाजली. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा घ्याच, असे कळवले. युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली.

२८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाने असे म्हटले: आपत्ती कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकते, तारीख बदलून मागू शकते, पण परीक्षा न घेता उत्तीर्ण करण्याचा निर्णय राज्याच्या अधिकारात नाही. म्हणजे आपत्तीचा कायदा थांबवण्यापुरता. शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये बहुतेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या.

बंद शाळेची पूर्ण फी द्यावी लागते का?

८ मे २०२० च्या शासन निर्णयाने त्या वर्षी फीवाढीला मनाई केली. संस्थाचालक न्यायालयात गेले आणि २६ जूनला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ३ मे २०२१ ला राजस्थानच्या शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शाळांचा जो खर्च वाचला त्याचा लाभ पालकांना मिळाला पाहिजे, म्हणून १५ टक्के कपात. फी थकली म्हणून मुलाला वर्गातून काढायचे नाही, निकाल अडवायचा नाही, हेही त्यात होते. महाराष्ट्रातल्या पालकांनी हाच न्याय मागितला आणि १२ ऑगस्ट २०२१ ला २०२१-२२ या वर्षासाठी १५ टक्के कपातीचा जीआर निघाला. त्यालाही शाळांनी विरोध केला.

आजही तक्रार करायची तर मार्ग २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यातला, विभागीय समितीचा. २०१८ च्या दुरुस्तीने तिथे जायला २५ टक्के पालकांची एकी लागते. एकट्याच्या तक्रारीवर फार विसंबू नका.

सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडण्याचा आदेश का दिला नाही?

दिल्लीतल्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने तशी मागणी केली होती. २० सप्टेंबर २०२१ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी याचिका ऐकायला नकार दिला. कुठल्या जिल्ह्यात किती रुग्ण आहेत हे पाहून राज्यांनी ठरवायचे, न्यायालय कारभार हातात घेऊ शकत नाही, असा सूर होता. विद्यार्थ्याने अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असेही सुचवले गेले. तो सल्ला मला पटला नाही. शाळा बंद असताना मुलाने अभ्यासाचीच बाजू मांडली होती.

मात्र त्याच न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०२१ ला, दिल्लीच्याच दुसऱ्या प्रकरणात, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवरच्या मुलांना ऑनलाइन शिक्षणाची साधने मिळत नाहीत याची गंभीर दखल घेतली आणि सरकारला योजना आखायला सांगितले. मार्च २०२० मध्ये, शाळा बंद होताच, मध्यान्ह भोजनाचे काय, असे स्वतःहून विचारणारेही हेच न्यायालय होते. त्यामुळे आमच्याकडे तांदूळ आणि डाळी घरपोच आल्या. त्या धान्याने काही घरांची चूल पेटली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शिक्षण हा तर मूलभूत हक्क आहे. मग हे सगळे त्यात कसे बसले?

मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच. घटनेचे कलम २१-क सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देते. आरटीई कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा चालली पाहिजे. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात पहिली ते चौथीचा वर्ग एकही दिवस भरला नाही. शून्य.

आता वर सांगितलेले गाजलेले खटले पुन्हा बघा. दहावी, अकरावी, पदवी, फी. सगळे वाद गुणांचे, प्रवेशाचे किंवा पैशांचे, आणि सगळ्यांच्या मागे वकील करू शकणारी माणसे. ज्या मुलांना घटनेने नाव घेऊन हक्क दिला ती सहा-सात वर्षांची मुले या यादीत नाहीत. चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी, ज्यांचा हक्क कलम २१-क मध्ये येत नाही, त्यांच्यासाठी सरकार, विद्यापीठे, न्यायालये रात्री जागली. दुसरीतल्या मुलाला परीक्षा नाही, प्रवेश नाही, पुढच्या वर्गात आपोआप ढकलले जाते, म्हणून त्याचे नुकसान कोणाच्या कागदावर उमटलेच नाही.

सरकारचे उत्तर मी समजू शकते: जगण्याचा हक्क आधी. २०२१ च्या एप्रिलमध्ये मीसुद्धा पोरांना घराबाहेर काढले नसते. पण लाट ओसरल्यावर, आठवडी बाजार भरल्यावर, एसटी भरून धावू लागल्यावर तोच युक्तिवाद किती महिने चालतो? हे तपासणारा मंच असायला हवा होता.

इतर देशांत असे वाद झाले का?

पुष्कळ. दोनच सांगते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी जुलै २०२० मध्ये शाळा ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष उघडाव्यात असा आदेश काढला. शिक्षक संघटना न्यायालयात गेली, खालच्या न्यायालयाने आदेशाला मनाई केली आणि अपील न्यायालयाने ती मनाई उठवली. तिथे भांडण उघडण्याविरुद्ध होते.

जर्मनीचे उदाहरण मला आपल्याला जास्त उपयोगी वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या संघीय घटना न्यायालयाने मुलांना शालेय शिक्षणाचा हक्क घटनेतूनच मिळतो हे पहिल्यांदा स्पष्ट मान्य केले. त्या वर्षीच्या वसंतातली शाळाबंदी त्याने वैध ठरवली, पण बंदी जितकी लांबेल तितकी कारणे भक्कम लागतील आणि दूरस्थ शिक्षणाची किमान पातळी सांभाळावीच लागेल, असेही बजावले. आपल्या घटनेत तो हक्क २००२ च्या दुरुस्तीपासून लिहिलेला आहे.

२०२२ मध्ये मुलेच ऑफलाइन परीक्षेविरुद्ध रस्त्यावर आली, ते काय होते?

३१ जानेवारी २०२२ ला धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घराजवळ दहावी-बारावीच्या मुलांचा मोठा जमाव जमला. इतर शहरांतही मुले उतरली. समाजमाध्यमावरच्या आवाहनावरून हे झाले म्हणून आवाहन करणाऱ्याला अटक झाली. ऑफलाइन परीक्षा रद्द करण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारीला फेटाळली. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये झाल्या, २५ टक्के कमी अभ्यासक्रमावर आणि मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त देऊन. मुलांना बेशिस्त म्हणणे सोपे होते. दोन वर्षे लिहिण्याचा सराव नसलेल्या हातांना तीन तासांचा पेपर काय वाटतो, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

मुलांचे नुकसान मोजले गेले का?

असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आले. राज्याने सेतू अभ्यासक्रम आणला, तो ४५ दिवसांचा होता.

पुन्हा अशी वेळ आली तर आमच्या शाळेने काय करावे?

आपत्ती कायद्याखालचे केंद्राचे आदेश ३१ मार्च २०२२ ला संपले, पण दोन्ही कायदे जागेवर आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, ही आरटीईची तरतूद वापरा. बंदीच्या पहिल्याच आठवड्यात बैठक घ्या. ठरावात तीन गोष्टी मागा: बंदीचे लेखी कारण, फेरविचाराची तारीख आणि ज्या घरात मोबाइल नाही त्या मुलांसाठी काय सोय केली याचा तपशील. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला आणि एक बाल हक्क संरक्षण आयोगाला पाठवा. प्रत हातात नेऊन देऊ नका, मी ती चूक केली होती. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पावती इतिवृत्ताच्या वहीत, त्याच ठरावाच्या पानाला चिकटवून ठेवा.